चुंगडीतलं पाणी

चिचटोल्याच्या तलावातून कोणी आपल्या पाळीबाहेर तांब्याभर पाणी जरी घेतलं, तरी तांब्या घरी पोचायच्या आधी बातमी पोचते. अशा गावात केवळराम मामाने आठ चुंगड्या, म्हणजे आठ पोती, पाणी खांद्यावरून वाहून नेलं. तेही भर दुपारी, तलावाच्या पारेवरून, म्हणजे बांधावरून, भेटेल त्याला रामराम करत. आणि तरी सातव्या चुंगडीपर्यंत कोणी हरकत घेतली नाही, कारण पाणी चुंगडीत भरता येतं हे गावाला ठाऊकच नव्हतं.

खरं म्हणजे दोष करुणाचा होता.

करुणा ही केवळरामच्या बहिणीची मुलगी, आंधळगावची. भंडाऱ्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्रात पीएचडी करत होती. तिच्या प्रबंधाच्या नावात कार्यात्मक बहुवारिके होती, नॅनो-पदार्थ होते, जैवसक्रिय संयुगे होती, आणि ही तिन्ही मंडळी एकमेकांशी काय करतात तेही होतं. नाव इतकं लांब की ते ऐकताना बेबीबाई मामी एकदा मध्येच उठून चुलीवरचं दूध उतरवून आली होती. परत आली तेव्हा नाव चालूच होतं.

पण वस्तू साधी होती. राइस मिलमधून आणलेली कनकी, म्हणजे तुटका तांदूळ. त्याच्या स्टार्चच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींना बांधून केलेली जाळी. जाळीत जस्ताचे, डोळ्यांना न दिसणारे कण, आणि बुरशी धरू नये म्हणून पळसाच्या फुलांचा अर्क. सगळं वाळवून दळलं की भगव्या रंगाची भुकटी. ही भुकटी आपल्या वजनाच्या दोनशे पट पाणी पिते आणि फुगून बसते. मातीत मिसळली तर झाडाची मुळं तिच्यातलं पाणी सावकाश ओढून घेतात.

प्रयोगशाळेत हे सगळं छान चालत होतं. तिचे गाईड धनंजय सर म्हणाले, "प्रयोगशाळेत चालणारच. तिथं पंखा आहे, कुंडी आहे आणि तू आहेस. वावरात चालते का ते दाखव. ते प्रकरण नसेल तर प्रबंध पुढे जाणार नाही."

मुदत एकदा वाढवून झालेली. दुसऱ्यांदा वाढत नाही. भुकटी हिवाळाभर बसून केलेली, बिस्किटाच्या पत्र्याच्या मोठ्या पिप्यात भरलेली. तेवढीच. पुन्हा करायची तर उन्हाळा निघून जाणार आणि पावसाळ्यात कोणत्या झाडाला पाणी कमी पडलं हे सिद्ध करणं अवघड. तेव्हा हा उन्हाळा, हा पिपा आणि एखादं वावर. वावर द्यायला एकच माणूस तयार झाला. मामा.

मामा तयार का झाला हे तिने विचारायला हवं होतं.

भंडाऱ्याहून सानगडीमार्गे चिचटोल्याला आली त्या दिवशी अंगणात तिने मामाला प्रयोग दाखवला. तांब्याभर पाण्यात चमचाभर भुकटी टाकली. थोड्या वेळाने तांब्या उलटा केला. काही पडलं नाही.

मामा गप्प झाला. मामा गप्प झाला की त्या घरातली माणसं काळजीत पडतात.

"हे पाणीच हाये?" त्याने विचारलं.

"पाणीच आहे मामा. फक्त जाळीत अडकलं."

"सांडत नाही?"

"नाही."

"पाझरत नाही? चुंगडीतूनबी नाही?"

"चुंगडीचं काहून विचारून राहिले?" बेबीबाई आतून म्हणाली.

"शास्त्र समजून घेऊन राहिलो," मामा म्हणाला. "न् मंग हे पाणी कधी सोडतेच नाही का?"

"मुळं ओढतात हळूहळू. नाहीतर मीठ लागलं का सोडून देते. चिमूटभर मीठ टाका, जाळी आवळते आणि सारं पाणी मोकळं होते."

"मीठ," मामा म्हणाला, आणि तो शब्द त्याने डोक्यात कुठेतरी जपून ठेवला.

दुसऱ्या दिवशी करुणा मातीची ओल मोजायचं यंत्र आणायला भंडाऱ्याला गेली. पिपा मामाकडे ठेवून.

आता चिचटोल्याचा एक नियम सांगायला पाहिजे. उन्हाळ्यात तलावाचं पाणी नहरेने, म्हणजे पाटाने, येतं, आणि प्रत्येकाची पाळी ठरलेली असते. आपल्या पाळीचं पाणी आपल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, घ्यायचं, पण खड्डा करून साठवायचं नाही. एकाने खड्डा केला की शेवटच्या माणसापर्यंत पाणी पोचत नाही, म्हणून आजोबा-पणजोबांच्या काळापासून खड्डा बंद. आणि तलावाचं पाणी ज्या वावरांचा हक्क आहे तिथंच जायला हवं, दुसरीकडे नाही.

मामाचं एक वावर टेकरावर होतं. तिथं तलावाचं पाणी चढतही नाही आणि हक्कही पोचत नाही. त्या वावरात वांगी लावायची मामाची जुनी इच्छा होती. पाणी चढत नसेल तर पाण्याला चढवावं लागेल, एवढं त्याला समजत होतं. अडचण एवढीच की पाणी खांद्यावर बसत नव्हतं.

आपल्या पाळीला मामाने बांधीत ताडपत्री अंथरली, कडा भोवतीच्या धुऱ्यांवर चढवून वर दगड ठेवले, नहरेचं पाणी आत घेतलं आणि पिपा उपडा केला. खड्डा केला नाही. नियम पाळणारा माणूस होता तो. पाणी फुगून बसल्यावर घमेल्याने चुंगड्यांत भरलं आणि टेकराकडे निघाला.

सात चुंगड्या सुखरूप पोचल्या. आठवी पारेवर, नंदलालच्या समोर फाटली.

नंदलाल पाणी-समितीचा अध्यक्ष. उंच, बारीक, गळ्यात कायम दुपट्टा, आणि तलावाकडे असं बघणारा की जणू रोज सकाळी तो मोजून ठेवतो. त्याच्या पायापाशी भगवे, ओलसर, टपोरे दाणे पडले आणि ढीग होऊन बसले.

"कोणाच्या घरची बुंदी होय, केवळराम?" नंदलालने विचारलं.

इथे मामाने हो म्हणायला पाहिजे होतं. साखरपुड्याची, बारशाची, कशाचीही. गावाने विश्वास ठेवला असता, दोन दाणे मागितले असते आणि विषय संपला असता. पण आपण जगावेगळं काहीतरी केलं आहे आणि ते कोणालाच माहीत नाही, हे दुःख मामाला सहन होत नाही.

"बुंदी नोहोय भाऊ," तो म्हणाला. "पाणी होय."

करुणा यंत्र घेऊन परतली तेव्हा आठही चुंगड्या समाजमंदिरात जप्त होत्या, पिपा रिकामा होता आणि मामी अंगणात तांदूळ निवडत बसली होती.

"मामी, माझी भुकटी?"

"जेलात हाये," मामी म्हणाली. "तुझा मामा मात्र बाहेर हाये. उलटं पाह्यजे होतं."

समिती दुपारी बसली. सहा सदस्य, सतरंजी, मध्ये एक चुंगडी तोंड उघडून ठेवलेली. करुणा दाराशी उभी राहिली. तिचा अख्खा हिवाळा त्या चुंगड्यांत होता. त्या उकाड्यात आणखी थोडे दिवस पडून राहिला असता तर वाळून पापड झाला असता.

"केवळराम," नंदलाल म्हणाला, "तलावाचं पाणी टेकरावर नेलं का नाही?"

"नहरेनं नेलं का? पाइपानं नेलं का? बादलीनं नेलं का?"

"चुंगडीनं नेलं."

"चुंगडीत पाणी राह्यते का भाऊ? तुम्ही समितीचे अध्यक्ष, तुम्हीच सांगा."

नंदलालने सदस्यांकडे पाहिलं. सदस्यांनी चुंगडीकडे पाहिलं. चुंगडीत पाणी राहत नाही, हे सगळ्यांच्या आजवरच्या अनुभवाला धरून होतं.

"तूच त्या दिवशी म्हटलं, पाणी होय."

"म्हटलं असन. माणूस चालताना काहीबी म्हणते."

सुखराम नावाचे एक सदस्य होते. वयाने सगळ्यांत मोठे, घाई न करणारे. त्यांनी एक दाणा उचलला, चिमटीत दाबला. पाणी निघालं नाही. नाकापाशी नेला. मग कोणाला काही कळायच्या आत तोंडात टाकला.

करुणा दारातून ओरडली. "काकाजी, ते खायचं नसते."

"गोड नाही," सुखराम म्हणाले आणि बाहेर जाऊन थुंकून आले. मग शांतपणे बसले. "बुंदी नाही हे पक्कं झालं."

समितीच्या कामात ही पहिली प्रगती होती.

"पाणी असन, तर तलावाचं होय," नंदलालने निकाल सुचवला. "मंग तलावातच परत टाकू. आठही चुंगड्या."

मामा उठून बसला, पण त्याच्या आधी करुणा पुढे आली. तलावात गेलेली भुकटी परत येत नाही.

"काकाजी, आधी पाणी आहे का नाही हे तर ठरू द्या. पाणी नसलं तर तलाव खराब होईल. मग लोक म्हणतील, अध्यक्षांनीच टाकायला लावलं."

नंदलाल थांबला. करुणाला एवढंच पाहिजे होतं.

"हे कसं ठरवाचं?" त्याने विचारलं.

"झाडाला विचारू," ती म्हणाली. "झाड खोटं बोलत नाही, आणि ते कोणाच्या पार्टीचंही नाही. दोन वाफे करू. एकात घमेलंभर हे मातीत मिसळू. दुसऱ्यात, यात जेवढं पाणी बसते तेवढंच तलावाचं साधं पाणी. दोन्हीकडे वांग्याची रोपं. मग पाणी बंद. चुंगडीतल्यावर झाड जगलं, तर त्यात पाणी आहे."

हेच ती धनंजय सरांच्या केबिनमध्ये फळ्यावर काढून आली होती. तिथं त्याला एक इंग्रजी नाव होतं.

"दोनच वाफे?" सुखराम म्हणाले. "न् ते नंदलालनं पाह्यचे? थो तर केवळरामवर खार खाऊन हाये. मी माझे दोन वेगळे लावीन."

"मंग मी माझे लावीन," दुसरा म्हणाला. त्याचा सुखरामवर भरवसा नव्हता.

"सगळ्यांचेच लावा," करुणा अगदी गरिबासारखी म्हणाली. सहा सदस्य, सहा जोड्या. परीक्षक निदान तीन मागतात.

"जागा कोणाची?" मामाने विचारलं. "नंदलालभाऊच्या बांधीत मी मानणार नाही. थो चांगल्या मातीत एक लावन न् मुरमात दुसरा."

म्हणून पारेखालची, कोणाचीच नसलेली पडीत बांधी ठरली. आणि कोणत्या वाफ्यात काय टाकायचं, याच्या चिठ्ठ्या टाकायच्या असंही ठरलं, कारण ज्याने चांगली जागा निवडली असती त्याला बाकी पाचांनी जगू दिलं नसतं. करुणा चिठ्ठ्या कापत होती आणि गाल आतून चावत होती. जगातल्या मोठमोठ्या संस्थांमध्ये जे करायला माणसं पगारावर ठेवावी लागतात, ते चिचटोल्यात निव्वळ अविश्वासावर होत होतं.

वांग्याची रोपं बेबीबाईने दिली. लावून झाली. पाणी बंद झालं. आणि त्या संध्याकाळी ओसरीवर सुपारी कातरताना मामाच्या एकदम लक्षात आलं.

अडकित्ता हवेतच राहिला.

"करुणा," तो म्हणाला. "थे झाडं जगले तर काय होते?"

"तर ते पाणी आहे, हे सिद्ध होते."

"न् पाणी हाये हे सिद्ध झालं तर?"

करुणाने नोंदवही उघडून त्यात मान घातली. मामी बोलली. "तर तुम्ही चोर हा, हे सिद्ध होते. जेवून घ्या."

अशा रीतीने वावर देणारा, पिपा सांभाळणारा, जगात करुणाच्या बाजूने असलेला एकुलता एक शेतकरी एका संध्याकाळीत तिच्या विरोधात गेला. आणि तलावात भुकटी बुडवायला निघालेला नंदलाल तिचा सगळ्यांत कष्टाळू मदतनीस झाला. भगव्या वाफ्यांतली वांगी जगली तरच केवळराम सापडणार होता. तेव्हा नंदलाल सकाळी उठून आधी बांधीवर यायचा. शेळी हाकलायचा. पानांवरचे किडे बोटाने उचलायचा. एकदा करुणाने त्याला एका रोपाशी वाकून हळू आवाजात बोलताना पाहिलं. "ऐकून राहिलं ना बेटा, मरू नको. लय मोठा चोर हाये थो."

"काकाजी, नुसत्या पाण्याच्या वाफ्यातलेही किडे काढा," तिने सांगितलं. "नाहीतर मामा म्हणतील, तुम्ही एकाच बाजूचं पाहिलं."

नंदलालने ते मान्य केलं. केवळराम असं म्हणणारच, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. मग तो शत्रूच्या वाफ्यातले किडेही उचलू लागला, मात्र त्यांच्याशी बोलत नसे.

मामाही स्वस्थ बसला नव्हता. सानगडीच्या बाजारातून त्याने टेबल-पंखा आणला. मोटारीच्या खोलीतून वायर ओढली आणि भर दुपारी पंखा भगव्या वाफ्यांकडे तोंड करून लावला.

"हे काय करून राहिला?" नंदलाल धावत आला.

"हवा देऊन राहिलो. झाडाले हवा लागत नाही का?"

"वाळवून राहिला तू."

"हवेनं वाळते थे पाणी. वाळलं तर मीच चोर निघीन ना? मले तर आनंदच होईन."

यात काहीतरी चुकतं आहे हे नंदलालला जाणवत होतं, पण काय ते पकडता येत नव्हतं. समिती पुन्हा बसली. ठराव झाला: पंखा लावायला हरकत नाही, पण तो दोन्हीकडे फिरता पाहिजे. तेव्हापासून उन्हाळ्याच्या झळा चालू असताना एका उघड्या बांधीत एक टेबल-पंखा डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे मान हलवत बसलेला दिसायचा. रस्त्याने जाणारी माणसं गाडी थांबवून बघायची. करुणाने फोनवर सरांना सांगितलं. सरांनी पंख्याचं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे कोरड्या वाऱ्याचा ताणही देऊन झाला. हे आपल्याला सुचलं नव्हतं. कोणाचं डोकं?"

"मामाचं," करुणा म्हणाली.

साध्या पाण्याच्या वाफ्यांतली रोपं आधी मलूल झाली, मग माना टाकल्या, मग काड्या झाल्या. भगव्या वाफ्यांतली उभी होती. थकली होती, पण उभी होती. करुणा रोज यंत्र मातीत खुपसून ओल मोजायची आणि सहाही सदस्य तिच्या खांद्यावरून आकडा वाचायचे, प्रत्येक जण मोठ्याने, म्हणजे दुसऱ्याला वेगळा वाचता येऊ नये. एकच गोष्ट उरली होती. शेवटची पाहणी, सगळ्या गावासमोर. तेवढी झाली की तिचं प्रकरण पूर्ण.

पाहणीच्या दिवशी, सकाळची न्याहारी झाल्यावर मामा घरी दिसला नाही. करुणाने फडताळात पाहिलं. मिठाचा नवा पुडा नव्हता.

ती बांधीकडे धावत निघाली. मामी तिच्याआधी पोचली होती, धुऱ्यावर बसली होती. पलीकडे मामा भगव्या वाफ्यांपाशी उकिडवा बसला होता, मांडीवर पुडा. नंदलाल जेवायला गेलेला. फोडायचा, भुरभुरायचा, वर माती सारायची. दुपारपर्यंत सहाही वाफे झोपले असते.

"मामा," करुणा म्हणाली.

"हे मेलं तर तुले काय होईन?" मामाने मान वर न करता विचारलं.

"पीएचडी नाही होणार."

"पुढच्या साली?"

"पुढचं साल नाही मामा. मुदत संपते."

मामाने पुडा या हातातून त्या हातात घेतला. "न् हे जगलं, का गाव मले चोर म्हणन."

तेव्हा बेबीबाई धुऱ्यावरून म्हणाली, काही विशेष सांगत आहे असं न दाखवता, "गाव तुम्हाले आधीपासूनच चोर म्हणते. त्यात नवीन काय होणार हाये? पोरीले मात्र डाक्टर अजून कोणी म्हणून नाही राहिलं."

मामा बराच वेळ वांग्याच्या एका पानाकडे बघत राहिला. त्या पानाला त्याने पंखा लावला होता, शिव्या दिल्या होत्या, आणि ते तरी टवटवीत होतं. मग त्याने पुडा सदऱ्याच्या खिशात घातला आणि उठला.

"पान तर चिवट निघालं," तो म्हणाला. "माह्या बहिणीसारखं."

दुपारी सगळं गाव पारेखाली जमलं. सहा वाफ्यांत काड्या, सहा वाफ्यांत वांगी, एका रोपाला तर जांभळं फूल. करुणाने फोटो काढले, ओल मोजली, आकडे सहा आवाजांत वाचले गेले. तिने यंत्र पुसून पिशवीत ठेवलं. झालं होतं. आता हे कोणी तलावात टाकलं तरी चाललं असतं.

नंदलालने घसा साफ केला. "झाडं जगले. म्हणजे चुंगडीत पाणी होतं. म्हणजे केवळरामनं तलावाचं पाणी टेकरावर नेलं. बोल."

मामा उभा राहिला. "नंदलालभाऊ, या इकडच्या वाफ्यात काय टाकलं होतं?"

"पाणी."

"तलावाचं? स्वच्छ? सहाही जणांच्या समोर?"

"हो."

"न् थे झाडं मेले."

"मेले."

"म्हणजे पाण्यानं झाडं मेले न् या वस्तूनं जगले," मामा म्हणाला. "मंग ही वस्तू पाणी कशी होईन? पाणी असती तर मेले नसते का?"

सुखराम काकाजींनी डोळे मिटून ते पुन्हा मनात म्हणून पाहिलं. दोन सदस्यांनी माना डोलावल्या. आपल्या हाताने जगवलेली रोपं आपल्याच विरोधात साक्ष देत आहेत, हे नंदलालच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरत होतं.

"बराबर हाये," सुखराम म्हणाले. "हे पाणी नोहोय. काय होय थे मले माहीत नाही, पण पाणी नोहोय. केवळराम सुटला."

मामा सुटला होता. त्याने नुसतं घरी जायचं होतं. मामी उठून पदर झटकत होती.

पण गर्दीतून एक जण म्हणाला, "पाणी नोहोय, न् दाबलं तरी काही निघत नाही. मंग मुळाले काय भेटते त्यातून? जादूच म्हणा."

"जादू कायची?" मामा वळला. "तुम्हाले काही समजतच नाही. थांबा, मजा दाखवतो."

"चला घरी," मामी म्हणाली.

मामा ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. त्याने पुराव्यासाठी ओलं फडकं झाकून आणलेल्या चुंगडीतून ओंजळभर दाणे काढले, समाजमंदिरातला काचेचा गिलास आणवला, दाणे त्यात भरले आणि गावाला फिरवून दाखवला. उलटा केला. काही पडलं नाही. मग खिशातून मिठाचा पुडा काढला, दातांनी फोडला आणि वरून मूठभर मीठ सोडून काडीने ढवळलं.

सगळे वाकून बघत होते. भगवे दाणे आक्रसत गेले. गिलासाच्या तळाशी चिमूटभर गाळ राहिला, आणि वर, थोडं गढूळ, थोडं भगवं, काठापर्यंत पाणी.

"पाह्यलं?" मामा म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "सारं पाणीच होय हे. जाळीत अडकून राह्यते फक्त. शास्त्र होय."

पंख्याने करकरत मान वळवली.

नंदलालने गिलास हातात घेतला. उन्हात धरून पाहिला. "पाणी होय," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला.

"होय तर," मामा म्हणाला, आणि मग थांबला.

बेबीबाईने कपाळावर हात मारला नाही. ती नुसती घराकडे चालू लागली. करुणाला हसू आवरेना म्हणून ती पिशवीत काहीतरी शोधू लागली.

शिक्षा जुनीच होती. पाण्याचा नियम मोडला की पावसाळ्यापूर्वी अख्खी नहर एकट्याने साफ करायची. चुंगड्यांत उरलेला माल नंदलालने जप्तीतून सोडला. त्यातली एक चुंगडी पंचनाम्यासाठी म्हणून तो स्वतःच्या मिरच्यांकडे घेऊन गेला.

भंडाऱ्याला करुणाचं सादरीकरण झालं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा वर करून विचारलं की चिठ्ठ्या टाकून वाफे निवडलेत, सहा जोड्या लावल्यात, रोज सहा स्वतंत्र निरीक्षकांसमोर मोजलंत, एवढी काटेकोर योजना कोणी बसवून दिली. करुणाने धनंजय सरांकडे पाहिलं. सरांनी छताकडे पाहिलं.

"समितीने," ती म्हणाली.

प्रबंधाच्या आभारांत तिने एक ओळ वाढवली: श्री. केवळराम यांनी प्रायोगिक रोपे मारण्याचे मनापासून प्रयत्न केले, त्याशिवाय या पदार्थाची ताकद कळली नसती.

ते पान दाखवायला ती चिचटोल्याला गेली तेव्हा मामा नहरेत उतरला होता. गुडघाभर गाळ, हातात फावडं, धोतर वर खोचलेलं. काठावर टेबल-पंखा चालू होता. वायर कुठून ओढली होती ते दिसत नव्हतं. मामाने ओळ वाचली, पान कोरडं राहील असं धरून पुन्हा वाचली. तेवढ्यात पारेवरून सायकलवाला एक पाहुणा जाता जाता विचारून गेला की हा माणूस एकटाच का खणून राहिला.

"चोर होय मी," मामाने त्याला ऐकू जाईल असं सांगितलं. "या गावात चोर लय हायेत बाप्पा. पण शास्त्रानं सिद्ध झालेला मी एकलाच."